पूर्ण एक मिनिट

चौकशीच्या बैठकीला आम्ही पाच जण होतो. नर्सिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल, रुग्णालयाचे वरिष्ठ डॉक्टर, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डच्या इन्चार्ज पाटोळे सिस्टर, ट्यूटर मासाळ मॅडम, आणि टेबलाच्या टोकाला कागद घेऊन मी. मी कॉलेजच्या कार्यालयाचा अधीक्षक. कोण काय बोललं ते लिहून घेणं माझं काम. जिच्यामुळे बैठक होती ती मुलगी मात्र तिथे नव्हती. वैशाली हॉस्टेलवरून बॅग उचलून लोणंदला घरी निघून गेली होती आणि फोन घेत नव्हती.

घडलं होतं ते असं. इस्लामपूरकडचे एक गृहस्थ, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, हृदयाच्या दुखण्यासाठी वॉर्डात होते. दुपारी ड्युटी बदलायच्या वेळी सगळ्या सिस्टर टेबलापाशी असताना त्यांना एकदम धाप लागली. जवळ वैशाली एकटी होती, दुसऱ्या वर्षाची. तिने हाक मारली नाही. तिने हातातलं घड्याळ समोर धरलं आणि त्यांचे श्वास मोजायला लागली. पूर्ण एक मिनिट मोजले, आकडा चार्टवर लिहिला, आणि मग चार्ट घेऊन टेबलाकडे गेली. त्यानंतर सगळे धावले. संध्याकाळी गृहस्थ गेले.

"एका मिनिटाने काही फरक पडला नसता, बहुधा," डॉक्टर म्हणाले.

मी 'बहुधा' लिहिलं. प्रिन्सिपॉल म्हणाल्या, "तो शब्द नको."

तेव्हा मासाळ मॅडम बोलल्या. "माझं नाव लिहा, भाऊसाहेब. मिनिटभर मोजायला तिला मी शिकवलंय."

पाटोळे सिस्टरनी टेबलाकडे बघितलं. प्रिन्सिपॉल म्हणाल्या, "मॅडम, इथे कोणावर दोष ठेवायचा प्रश्नच नाही."

"तुम्ही ठेवू नका. मी घेतेय."

मी ते लिहिलं नाही. प्रिन्सिपॉलनी मानेनेच नको म्हटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं. दोष आपणहून मागणारं एक माणूस बैठकीत असलं की बाकीच्यांना खुर्चीत जरा ऐसपैस बसता येतं. 'सेवेत हलगर्जीपणा आढळला नाही' असा ठराव झाला, पाचही जणांच्या सह्या झाल्या. मॅडमची सही सगळ्यांच्या शेवटी, आणि पेन इतकं दाबून केलेली की खालच्या कागदावर उमटली.

मासाळ मॅडम गेल्या वर्षी वारल्या. कॉलेजात शोकसभा झाली. शिस्त, कष्ट, निष्ठा असं पुष्कळ बोललं गेलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण सभा संपल्यावर मला वाटलं की हे कोणाही बाईंबद्दल बोलता आलं असतं. म्हणून आठवेल तसं लिहून काढतोय.

उंच, हाडापेराने मोठी बाई. सुती साडी, वर पांढरा अ‍ॅप्रन, आणि मनगटावर पुरुषी घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला. गुडघे दुखायचे म्हणून जिना उतरताना आडव्या वळून एकेक पायरी उतरायच्या. माहेर माण तालुक्यातलं, धनगराचं. घरात आजवर मेंढरंच. मावशी साताऱ्याला होती म्हणून शिकल्या, साताऱ्याच्या एका दवाखान्यात बरीच वर्षं सिस्टर होत्या आणि मग आमच्याकडे सांगलीला शिकवायला आल्या. लग्न केलं नाही. साताऱ्यातली खोली शेवटपर्यंत सोडली नाही. दर गोष्टीला साताऱ्याचं माप लावायच्या. एखादी गोष्ट पटली नाही की, "साताऱ्याला असं नव्हतं." आणि फारच खटकली की, "साताऱ्यालाही असंच होतं."

वर्गात बोलताना शुद्ध बोलायच्या. थकल्या, किंवा मनाला लागलं, की माणदेश बाहेर यायचा.

मुलींना घेऊन वॉर्डात शिरताना त्या दारातच थांबायच्या. चार्ट बघायचा नाही, कॉटजवळ जायचं नाही, नुसतं उभं राहून बघायचं. "काय दिसतंय?"

"बारा कॉट, मॅडम."

"कॉट मलाही दिसतात. माणसं सांग."

मग एखादी घाबरत सांगायची की सहा नंबरचे आजोबा सकाळपासून भिंतीकडे तोंड करून आहेत. लगेच पुढचा प्रश्न यायचा, "सकाळपासून, हे कशावरून?"

हा 'कशावरून' त्यांच्या तोंडात सतत. ताप उतरलाय म्हणतेस, कशावरून? पेशंट चिडखोर आहे, कशावरून? त्याची बायको काळजी घेत नाही, कशावरून? हॉस्टेलवर मुली नक्कल करायच्या. एकीने भाजी खारट झालीय म्हटलं की दुसरीने नाकावर चष्मा सरकवून कशावरून विचारायचं. एकदा त्यांचे भाऊ मेंढरं घेऊन नदीकाठच्या रानात उतरले होते, ते बहिणीला भेटायला खांद्यावर घोंगडं टाकून थेट कॉलेजच्या फाटकात आले. वॉचमनला म्हणाले, "आमची सुमी हितं हाय का?" वॉचमनने अशी कोणी मुलगी नाही म्हणून परत पाठवायला काढलं होतं, तेवढ्यात मॅडम जिन्यावरून आडव्या आडव्या खाली आल्या. भाऊ सांगत होते की एक मेंढी खाईना झालीय, आजारी पडणार.

"खाईना, कवापासनं? आजारीच हाय, कशावरून?"

"आगं, पोरीस्नी इचारतीस ते बास झालं की," भाऊ म्हणाले. "माझी परीक्षा हाय व्हय?"

माझी आणि त्यांची खरी ओळख एका बल्बवरून झाली. मी कार्यालयात बसलो असताना पहिल्या वर्षाची एक मुलगी आली आणि म्हणाली, "सर, पेशंट रात्रीची गोळी घेत नाहीत, म्हणून बल्ब पाहिजे."

मला ती थट्टा वाटली. मी तिला परत पाठवलं. थोड्या वेळाने तिच्याबरोबर मॅडम आल्या आणि दाराशी उभ्या राहून तिला म्हणाल्या, "आता यांना पहिल्यापासून सांग."

प्रकार असा होता. ऊसतोडीला जाणारा एक म्हातारा संध्याकाळची गोळी तोंडात धरायचा आणि सिस्टर पुढे गेली की थुंकायचा. मुलींनी कागदावर लिहिलं, रुग्ण औषधास नकार देतो, समजूत घालावी. समजूत घातली. तो हो म्हणाला आणि पुन्हा थुंकला. मॅडमनी मुलींना सांगितलं की समजूत नंतर घाला, आधी का थुंकतो ते शोधा. दोन दिवस गेले. एकीने गोळी कडू असेल म्हटलं, एकीने म्हातारा विसरभोळा असेल म्हटलं. प्रत्येक उत्तराला मॅडम म्हणायच्या, "हे एक झालं. दुसरं काढ." शेवटी ह्या मुलीने त्याच्या बायकोशी गप्पा मारल्या. गोळी लघवी जास्त होण्याची होती. ती संध्याकाळी घेतली की रात्री चारदा उठावं लागे, संडास कोपऱ्यात, तिथला बल्ब गेलेला, आणि म्हातारा आदल्या आठवड्यात अंधारात घसरला होता. लाजेने कोणाला बोलला नव्हता.

"डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी केलीय," मॅडम मला म्हणाल्या. "पण रात्री दुसरं कोणीतरी तिथं जाणारच. बल्ब द्या."

मी बल्ब दिला. त्या दिवसापासून ती मुलगी माझ्याकडे काही मागायला आली की मी आधी पूर्ण ऐकून घ्यायचो.

दुसरा प्रसंग वीसच्या आकड्याचा. एकदा मासाळ मॅडम वॉर्डातल्या जुन्या चार्टचा गठ्ठा घेऊन आल्या, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही आकड्यांतली माणसं. बघा आणि सांगा काय वाटतं ते." रोजचा ताप, नाडी, श्वास यांचे रकाने होते. ताप बदलत होता, नाडी बदलत होती. श्वासाच्या रकान्यात मात्र प्रत्येक पेशंटला, प्रत्येक वेळेला, वीस. पान उलटलं तरी वीस.

"घरचं लाईटबिल दर महिन्याला तेवढंच यायला लागलं तर काय म्हणाल?" त्यांनी विचारलं.

"मीटर बघायला कोणी येत नाही म्हणेन."

"तेच. श्वास कोणी मोजत नाही. वीस लिहिलं की कोणी विचारत नाही, म्हणून सगळ्या वीस लिहितात. साताऱ्यालाही असंच होतं."

तिथून त्यांनी मोहीमच काढली. घड्याळ हातात, पेशंटच्या छातीवर नजर, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेलं चालायचं नाही. चार्टवर वीस दिसला की त्या मुलीला घेऊन परत कॉटपाशी जायच्या आणि स्वतःही मोजायच्या. खरंच वीस निघाला तर तिला शाबासकी. वर्षभरात आमच्या मुलींचे रकाने बघण्यासारखे झाले. सोळा, बावीस, अठरा, सव्वीस. मला त्याचं कौतुक वाटायचं, कारण आकडा खरा असला की तो दिसायलाही वेगळा दिसतो.

आणि त्याच मुलींतली वैशाली, घड्याळ समोर धरून, गुदमरणाऱ्या माणसाचे श्वास मोजत उभी राहिली.

बैठकीनंतर मासाळ मॅडम बदलल्या. वॉर्डाच्या दारात थांबायच्या, पण काय दिसतंय म्हणून विचारायच्या नाहीत. मुलींनी जे सांगितलं ते ऐकून घ्यायच्या. एक मुलगी माझ्याकडे फी भरायला आली होती, ती म्हणाली, "सर, मॅडमना बरं नाही का? काही विचारतच नाहीत." दुपारचा डबा, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी, त्या एरवी उभ्यानेच खायच्या. आता डबा उघडून बसायच्या आणि तसाच मिटायच्या.

दरम्यान परीक्षेच्या फॉर्मची मुदत जवळ आली. शनिवारपर्यंत वैशालीची सही झाली नाही तर तिचं वर्ष जाणार होतं, आणि एकदा वर्ष गेलं की अशा मुली परत येत नाहीत, हे मी कार्यालयात बसून पुष्कळदा पाहिलंय. प्रिन्सिपॉलनी मला लोणंदला जाऊन सही घेऊन यायला सांगितलं. मासाळ मॅडम स्टेशनवर माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. त्यांना कोणी पाठवलं नव्हतं.

गाडीत मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही शिकवलं ते बरोबरच होतं."

त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "बरोबर शिकवलं आणि त्यापायी माणूस गेलं, तर ते कुठल्या रकान्यात मांडायचं, भाऊसाहेब? तुमच्याकडं हाय का तसा रकाना?"

सातारा आलं, गेलं. एरवी साताऱ्याला गाडी थांबली की त्या उतरून फलाटावर दोन पावलं तरी टाकायच्या. त्या दिवशी जागच्या हलल्या नाहीत.

वैशालीचे वडील लोणंदच्या कांद्याच्या बाजारात तोलार, म्हणजे पोती वजन करणारे. बाजाराच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. आम्हाला बघून ते गडबडले, सतरंजी झटकून टाकली. "आवं, तुमी कशाला आला एवढं लांब? कळवायचं तरी." मग हळू आवाजात म्हणाले, "पोरगी बोलंना झालीया. जेवती तेवढं. आईसंगं भांडत बी न्हाई."

वैशाली आतल्या खोलीतून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बारीक, सावळी मुलगी. मॅडमनी फॉर्मचं नाव काढलं नाही. त्या सरळ म्हणाल्या, "मी सांगायला आलेय. ती चूक माझी आहे. मिनिटभर मोजायचं हे मी तुमच्या डोक्यात बसवलं. कधी मोजायचं नाही, ते शिकवायचं राहिलं. बैठकीतही मी हेच सांगितलंय. तू हे अंगाला लावून घ्यायचं नाही."

वैशाली चौकटीवरून सरळ झाली. मग म्हणाली, "नाही मॅडम."

"काय नाही?"

"ते तसं नाही. धाप लागलीय हे मला दिसत होतं. मोजायची गरज नाही हेही कळत होतं. तुम्ही शिकवलं म्हणून नाही मोजलं मी."

"मग?"

"हाक मारायची भीती वाटली."

"पाटोळे सिस्टरची?"

"त्यांचीही. आदल्या आठवड्यात मी त्यांना एका पेशंटसाठी बोलावलं होतं, काही निघालं नाही. सगळ्यांसमोर म्हणाल्या, आकडा घेऊन ये आणि मग तोंड उघड." ती थांबली. "आणि तुमचीपण."

"माझी?"

"तुम्ही विचारता ना, कशावरून. मला नुसतं वाटत होतं की काहीतरी वाईट होतंय. नुसतं वाटतंय म्हणून तुमच्यासमोर यायची हिंमत नव्हती माझी. म्हणून मोजत राहिले. मोजून झालं की सांगायला हातात काहीतरी येईल, असं वाटलं."

वडील उठले. "ए पोरी, मॅडमास्नी असं बोलत्यात व्हय?"

"बोलू द्या तिला," मासाळ मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "बरोबर बोलती ती."

वैशाली रडत नव्हती. तिचा आवाज उलट घट्ट झाला. "तुम्ही सगळी चूक तुमचीच म्हणता, मॅडम. मग माझी कुठली? मी तिथं उभी होते. मला दिसत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. ते माझं आहे. तेवढं माझ्याकडं राहू द्या. तेही तुम्ही घेऊन गेलात तर मी परत येऊन काय करू?"

तिच्या आईने चहा आणला होता, तो कोणी घेईना. मी फॉर्म पिशवीतून काढावा की नाही ह्याचा विचार करत बसलो होतो. ती वेळ फॉर्मची नव्हती, पण मुदत तर शनिवारची होती.

"बरं," मासाळ मॅडम म्हणाल्या. "तुझी तू घे. माझी मी घेते. माझी कोणती ते तू आत्ता सांगितलंस."

मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी फॉर्म दिला. वैशालीने तो उभ्या उभ्या वाचला, सगळा, मागचं पानही, आणि सही केली. म्हणाली, "त्या वॉर्डात मात्र नको."

"नको तर नको," मॅडम म्हणाल्या.

परतीच्या गाडीत कराड मागे पडलं. मॅडम एकदम म्हणाल्या, "पोरींनी पहिलं उत्तर दिलं की मी सोडते का त्यांना? दुसरं काढ म्हणते, तिसरं काढ म्हणते. स्वतःच्या वेळंला पहिल्यावरच बसून ऱ्हायले."

"होतं असं," मी म्हटलं.

"उगंच न्हाई होत. सोयीचं हुतं मला ते. मोजायला शिकवलं, ही चूक कशी चांगली दिसती. चारचौघांत सांगायला बरी. पोरी मला भितात, माझ्यापुढं तोंड उघडायला आकडा शोधतात, ही तशी दिसत न्हाई." हातातलं घड्याळ त्या अंगठ्याने पुसत होत्या. "लय आवडायचं मला, पोरी उत्तर शोधत पळायच्या ते. त्या कशाला पळतायत, ते इचारलं न्हाई कवा."

पुढच्या सोमवारी त्यांनी वर्गात नवी गोष्ट सांगितली. "काही बरं दिसत नाही, एवढं वाटलं तरी पुरे. हाक मारायची. आकडा नको, कारण नको. मी येईन. कशावरून ते मी नंतर विचारीन, कॉटपाशी पोचल्यावर, आणि उत्तर आलं नाही तरी रागावणार नाही." ट्यूटरांच्या खोलीतला फोन नंबर त्यांनी प्रत्येक वॉर्डात भिंतीवर लावायला लावला. मग बोलावणी सुरू झाली. दिवसातून दोन, तीन, कधी पाच. बहुतेक वेळा काही नसायचं. कोणाला उचकी, कोणाला नुसता घाम, एकाने तर डोळे मिटून नामस्मरण चालवलं होतं. मॅडम प्रत्येक वेळी उठून जायच्या, आणि गेल्यावर पेशंटला नीट बघून मुलीला 'बरं केलंस' म्हणायच्या. त्यानंतर तिला शेजारी उभी करून, तुला काय खटकलं असेल ते आता दोघी मिळून शोधू, म्हणायच्या. कधी सापडायचं, कधी नाही.

पाटोळे सिस्टर वैतागल्या. प्रिन्सिपॉलकडे तक्रार गेली. "मॅडम, तुम्ही मुलींना भित्र्या करताय," प्रिन्सिपॉल म्हणाल्या.

"भित्र्या होत्याच त्या. आता बोलतायत एवढंच."

मग त्यांनी पाटोळे सिस्टरच्या वॉर्डात जाऊन सगळ्यांसमोर त्यांना विनंती केली की रागवायचं तर मला रागवा, मुलींना नको. पाटोळे सिस्टर म्हणाल्या, "मी रागावते ते कामाच्या गडबडीत हो, मनात काही नसतं." मॅडम म्हणाल्या, "माझ्याही नव्हतं."

एका रविवारी त्या एकट्या इस्लामपूरला जाऊन आल्या. मला ते त्यांच्याकडून कळलं नाही, बसमध्ये त्यांना आमच्या शिपायाने पाहिलं होतं. त्या गृहस्थांच्या पत्नीला भेटायला गेल्या होत्या. संस्थेने कोणी जायचं नाही असं तोंडी सांगितलेलं होतं. मी त्यांना एकदाच विचारलं, "काय म्हणाल्या त्या बाई?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ते त्यांचं आणि माझं, भाऊसाहेब." पुढे मी विचारलं नाही. पण ठरावावर खाली माझी सही आहे, आणि त्या बाईंच्या घरी आम्हा पाचांतलं एकच माणूस गेलं, हे मला अजून खटकतं.

वैशाली परत आली, परीक्षा दिली, पास झाली. तिसऱ्या वर्षी ड्युट्या लावताना तिने स्वतःच मॅडमना सांगितलं की मला पुरुषांच्या मेडिकलला टाका. मॅडमनी 'का' विचारलं नाही. यादीत नाव घातलं. त्या आठवड्यात त्या फोनजवळची खुर्ची सोडत नव्हत्या. चहासुद्धा तिथेच.

मी त्यांच्या खोलीत मुलींच्या हजेरीचे कागद घेऊन बसलो होतो. मॅडम बेरीज तपासत होत्या. फोन वाजला. त्यांनी उचलला, "हां, वैशाली," एवढं म्हणाल्या आणि फोन टेबलावर तसाच टाकून उठल्या. ती बाई जिना उतरताना कशी उतरायची ते मी सांगितलंच आहे. त्या दिवशी त्या सरळ उतरल्या. चपला जिन्यातच राहिल्या. मी कागद हातात घेऊन मागे निघालो, मला त्यांना गाठता आलं नाही.

मी वॉर्डाच्या दाराशी पोचलो तेव्हा त्या आत कॉटपाशी होत्या. पासष्टीचा एक माणूस डोळे चोळत उठून बसत होता. "काय झालं वो मॅडम?"

"काही नाही, मामा. तुम्हाला बघायला आले."

"बघा की," तो म्हणाला आणि जांभई दिली.

वैशाली पलीकडे उभी होती, ओठ पांढरे. "मॅडम, त्यांचं तोंड जरा... मला वाटलं..."

"बरं केलंस," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्या माणसाची नाडी बघितली, छाती ऐकली, नखं बघितली, पायाची सूज दाबून बघितली, वैशालीलाही दाबायला लावली. काही नव्हतं. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर आल्या.

बाहेर बाकावर त्या बसल्या. श्वास लागला होता, दोन्ही हातांनी गुडघा धरला होता, पाय अनवाणी. मी शेजारी बसलो.

"काय होतं?"

"काय न्हाई. झोपलं हुतं म्हातारं. त्वांड उघडं टाकून."

"आणि तुम्ही एवढ्या पळालात. हे गुडघे घेऊन."

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "येळंत पोचले की, भाऊसाहेब."

त्यांचे डोळे भरले होते. मी हजेरीचे कागद चाळत राहिलो.